मातीत अडकलेले स्फुरद

शेतात टाकलेले खत सर्वच्या सर्व पिकाला मिळते, अशी पुष्कळांची समजूत असते. स्फुरदाच्या बाबतीत ती मुळीच खरी नाही. सुपर फॉस्फेटमधून दिलेल्या स्फुरदाचा जेमतेम पाचवा हिस्सा, पुष्कळदा त्याहूनही कमी, पहिल्या पिकाच्या वाट्याला येतो. उरलेला भाग जातो कोठे? नत्राप्रमाणे तो हवेत उडून जात नाही. पाण्याबरोबर खोलवर झिरपण्याचे प्रमाणही अगदी थोडे. तो तेथेच, मुळांपासून बोटभर अंतरावर, मातीत अडकून पडतो. आणि पीक मात्र उपाशी राहते.

हे कोडे उलगडण्यासाठी सुपर फॉस्फेट कसे तयार होते, ते पाहिले पाहिजे. खाणीतून निघणाऱ्या फॉस्फेट खडकात स्फुरद विपुल असते. परंतु ते कॅल्शियमशी इतके घट्ट जखडलेले असते की, पाण्यात विरघळत नाही. इंग्लंडमधील जॉन बेनेट लॉज यांनी हाडे व फॉस्फेटी खनिजे यांवर गंधकाम्लाची क्रिया करून हे बंधन सैल केले आणि १८४२ साली त्या कृतीचे पेटंट घेतले. पाण्यात विरघळणारे स्फुरद शेतकऱ्याच्या हाती आले ते असे.

आता हे खत महाराष्ट्राच्या पठारावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत पडले, अशी कल्पना करा. ओलाव्याने खताचा दाणा विरघळतो न विरघळतो, तोच त्यातील स्फुरदाची गाठ मातीतील कॅल्शियमशी पडते. त्यापासून प्रथम कमी विद्राव्य आणि पुढे जवळजवळ अविद्राव्य अशी संयुगे बनत जातात. म्हणजे कारखान्यात गंधकाम्ल खर्चून जे बंधन सोडविले, तेच माती पुन्हा बांधू लागते!

कोकणातील जांभ्या जमिनीत चुना जवळजवळ नसतोच. मुसळधार पावसाने तो केव्हाच धुऊन नेलेला असतो. तेथे मागे उरतात ती लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. मातीला तांबडा रंग देणारे हे लोहच आम्लधर्मी जमिनीत स्फुरदाला धरून ठेवते. भातखाचरात पाणी साचले, म्हणजे मातीतील प्राणवायू संपतो, लोहाचे रूप पालटते आणि अडकलेले थोडे स्फुरद मोकळे होते. भाताला याचा लाभ होतो.

अडकलेले स्फुरद कायमचे नष्ट होत नाही; त्यातील काही अंश पुढील पिकांना हळूहळू मिळत राहतो. तरीही विकत घेतलेले खत मातीने गिळावे, हे कोणत्या शेतकऱ्याला परवडेल? शिवाय आपल्या देशाला लागणारा फॉस्फेट खडक बव्हंशी परदेशांतून आणावा लागतो. म्हणून हे खत शेतभर न फेकता पाभरीने बियाण्याच्या जवळ, किंचित खाली पेरावे. असे केल्याने त्याचा मातीशी संपर्क कमी येतो आणि कोवळ्या मुळांना ते लवकर सापडते. चांगल्या कुजलेल्या शेणखताची जोडही उपयुक्त ठरते. कारण त्यातील सेंद्रिय द्रव्ये लोहाच्या व कॅल्शियमच्या काही जागा आधीच अडवून बसतात.

काही पिके तर स्वतःच हे कुलूप उघडतात. तुरीची मुळे एक विशिष्ट आम्ल स्रवतात. ते लोहाला धरते आणि त्याच्या कचाट्यातील स्फुरद सुटते. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेतील संशोधनाने १९९० साली ही गोष्ट उजेडात आणली. हरभऱ्याच्या पानांवरील आंब सर्वांच्या परिचयाची आहे. त्याची मुळेही मातीत सेंद्रिय आम्ले सोडतात आणि काळ्या जमिनीत कॅल्शियमने धरून ठेवलेले स्फुरद विरघळवून घेतात.