जाळणाऱ्यांच्या घरातली पुस्तकं

रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट ४५१'मध्ये (१९५३) बंबवाले आग विझवत नाहीत, पुस्तकं जाळतात. एक म्हातारी आपली पुस्तकं सोडून घराबाहेर यायला नकार देते आणि शेवटी काडी स्वतःच ओढते. हा प्रसंग कितीदाही वाचला तरी अंगावर येतो. पण मला त्याहून अस्वस्थ करतो तो बंबवाल्यांचा कॅप्टन बिटी. म्हातारीने मरण्याआधी उच्चारलेलं वाक्य मुळात कुणाचं, केव्हाचं, हे तो परतीच्या वाटेवर घडाघडा सांगतो. जाळणाराच भरपूर वाचलेला! पुढे ब्रॅडबरींनी या कादंबरीचं नाटक केलं, तेव्हा बिटीच्या घरात पुस्तकांनी भरलेली कपाटं आली. फक्त तो ती उघडत नाही.

डिस्टोपियन कादंबऱ्या म्हणजे पुस्तक विरुद्ध आग, असं आपण धरून चालतो. मला त्यांत आगीपेक्षा कुलूप जास्त दिसतं. हक्सलींच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधला (१९३२) राज्यकर्ता मुस्तफा माँड बायबल तिजोरीत ठेवतो आणि स्वतः वाचतो. इतरांना ते ठाऊकही नाही. तिकडे माँडच्या जगाबाहेर, 'रानटी' लोकांच्या राखीव वस्तीवर वाढलेल्या जॉन या तरुणाच्या हाती उंदरांनी कुरतडलेला शेक्सपिअर लागतो, आणि आईच्या प्रियकराविषयी मनात नुसताच खदखदणारा राग त्याला पहिल्यांदा शब्दांत सापडतो. माँडची तिजोरी कशासाठी आहे, ते इथे कळतं.

मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या 'द हँडमेड्स टेल'मध्ये (१९८५) राजवटीने बायकांना वाचायला बंदी घातली आहे. दुकानांच्या पाट्यांवरही अक्षरांऐवजी चित्रं. नायिका ज्याच्या घरी ठेवलेली आहे, त्या कमांडरच्या खोलीत मात्र पुस्तकं उघड्यावर, बिनकुलपाची. त्या खोलीत नायिकेकडून चोरून करवून घेतलं जातं ते काय, तर स्क्रॅबल खेळणं! या राजवटीच्या गुप्त पोलिसांचं ठाणं आपण हार्वर्डच्या वाइडनर ग्रंथालयात कल्पिलं होतं, असं अ‍ॅटवुड यांनी पुढे लिहिलं. त्याच ग्रंथालयात त्यांनी स्वतः तासन्‌तास अभ्यास केला होता.

ऑर्वेल यांच्या '१९८४'मध्ये (१९४९) तर बंडखोरांचा ग्रंथसुद्धा सत्ताधारी पक्षाच्याच माणसांनी लिहिलेला निघतो.

पुस्तक ज्यांच्या ताब्यात, त्यांनीच ते न जाळता आवरायचं, हे कादंबरीबाहेरही घडलं, आणि तेही 'फॅरनहाइट ४५१'च्याच बाबतीत. १९६७मध्ये निघालेल्या तिच्या शालेय आवृत्तीत प्रकाशकाने लेखकाला न विचारता शिव्या आणि नकोसे उल्लेख गाळले, बदलले. ब्रॅडबरींना वर्षानुवर्षं पत्ताच नव्हता. काडी ओढावी लागली नाही.

ही कादंबरी जन्मली मात्र बिनकुलपाच्या कपाटांजवळ. कॉलेजला जायला ब्रॅडबरींकडे पैसे नव्हते. त्यांचं शिक्षण सार्वजनिक ग्रंथालयांत झालं. या कादंबरीचा पहिला खर्डा त्यांनी लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाच्या पॉवेल ग्रंथालयाच्या तळघरात लिहिला. तिथे टाइपरायटर भाड्याने मिळे, अर्ध्या तासाला १० सेंट. नऊ दिवसांत ९ डॉलर ८० सेंट लागले. मधूनच ते जिना चढून वर धावत, कपाटातून हाती येईल ते पुस्तक काढून एखादं वाक्य टिपत, आणि खाली येऊन ते कादंबरीत घालत.