कारणाचा शोध आणि क्लाउड

कारणावाचून कार्य नाही, ही तथागतांच्या प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण. क्लाउडवरील संगणकप्रणाली बिघडली, तरी हाच न्याय लागू पडतो. मेट्रिक्स, म्हणजे सतत घेतलेली मोजमापे, बिघाड केव्हा व किती हे दाखवतात. लॉग, म्हणजे घटनांच्या नोंदी, तो का झाला हे बहुधा उलगडतात. वेळ आणि विनंतीचा ओळखक्रमांक जुळवून या दोन्ही साक्षी एकत्र वाचाव्या लागतात. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका चुकीच्या आज्ञेने अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनची ‘एस-थ्री’ साठवणसेवा कोलमडली. सेवांचा स्थितिफलक अद्ययावत करणारी यंत्रणाही तिच्यावरच विसंबून होती. म्हणून सुमारे दोन तास फलकावर खरी स्थिती उमटली नाही. साक्षीदार स्वतंत्र हवा, हा इतिहाससंशोधनाचाही नियम आहे. विद्यार्थी मित्रहो, दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीला दुसरीचे कारण मानू नका, पुरावा तपासा.