गाडीत भीमगीत वाजते, कवीचे नाव कोठे?

१४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. तेव्हापासून दरवर्षी या दिवशी गावोगावचे बांधव छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटवर अभिवादनासाठी येतात. कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीहून भाड्याच्या जीपने सहकुटुंब निघायचे, तर वाटेत भीमगीते हवीतच. पूर्वी त्यासाठी कॅसेटची पिशवी सोबत असे. आता गाणी मोबाईलमध्ये असतात आणि वायरशिवाय गाडीच्या टेपवर वाजतात.

हे काम ब्ल्यूटूथ करते. फोन व टेप, दोन्हींचे ब्ल्यूटूथ चालू करावे. फोनच्या यादीत टेपचे नाव दिसले की त्यावर बोट ठेवावे. आकडा दिसला तर दोन्हीकडचा जुळतो का ते पाहून होकार द्यावा. ब्ल्यूटूथला इंटरनेट लागत नाही. म्हणून गाणी घरीच डाऊनलोड करून घ्यावीत. वाटेत रेंज गेली तरी गाणे थांबत नाही. जुन्या टेपला ब्ल्यूटूथ नसेल, तर लायटरच्या जागी बसणारा छोटा एफएम ट्रान्समीटर मिळतो. तो फोनमधले गाणे टेपच्या रेडिओवर ऐकवतो.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. चालत्या गाडीत ड्रायव्हरने फोन हाताळू नये. आणि टेपने फोनमधील नंबरांची यादी मागितली तर नकार द्यावा. उतरताना टेपमधून आपल्या फोनचे नावही काढून टाकावे. आपल्या लेकीसुनांचे नंबर परक्या गाडीत कशाला राहावेत?

आता खरा मुद्दा. कॅसेटच्या कागदावर कवीचे, गायकाचे नाव छापलेले असे. फोनमध्ये पुष्कळदा नुसते गाण्याचे बोल दिसतात. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांना अक्षरओळख मोठेपणी झाली. तरीही त्यांनी गावोगाव फिरून, न शिकलेल्या माणसांपर्यंत बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून पोचवला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजाने भीमगीते घराघरात गेली. ज्यांनी आपल्याला शब्द आणि सूर दिले, त्यांचीच नावे आपल्या मुलांना ठाऊक नसावीत काय?

म्हणून आमची माताभगिनींना व तरुणांना विनंती आहे. फोनमध्ये गाणे साठवताना त्याच्या नावापुढे कवीचे व गायकाचे नाव लिहावे. गाडीत गाणे लागण्याआधी ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. देवगाव रंगारी ते विद्यापीठ गेट एवढ्या वाटेत चार नावे सहज पाठ होतील. जयभीम!