धनुष्याची दोरी : पेड, पीळ आणि ताण

महाराष्ट्राच्या इतर भागांप्रमाणेच अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातही घायपात व अंबाडीच्या वाखापासून कासरे, दावी आणि चऱ्हाटे वळण्याची कला ग्रामीण कारागिरांनी, विशेषतः मातंग समाजाने, जोपासली. नायलॉनचे दोर आल्यापासून या कामाची मागणी घटली. तथापि, कासरा ज्या तत्त्वावर वळला जातो, त्याच तत्त्वावर धनुष्याची दोरीही वळता येते. शालेय धनुर्विद्येच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीवर बंदी आली. धनुष्यबाण आज क्रीडासाहित्य आहे. फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव हा जिल्हा परिषद शाळेतून पुढे येऊन २०२१ साली टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. अकोले तालुक्यासारख्या डोंगरी भागातील शाळांनाही हा मार्ग खुला आहे. मात्र धनुष्यासाठी पैसे उभे राहतात आणि दोरीकडे दुर्लक्ष होते. वास्तविक नेमबाजीची अचूकता, धनुष्याचे आयुष्य आणि मुलांची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी दोरीवर अवलंबून असतात.

वाखाची दोरी अवचित तुटू शकते. म्हणून आता पॉलिएस्टरचा खास धागा वापरतात. धाग्यांना मेण लावून त्यांचे दोन पेड करतात. प्रत्येक पेड एका दिशेने पिळून दोन्ही पेड एकमेकांवर उलट दिशेने वळतात. त्यामुळे दोरी उलगडत नाही. टोकाशी फासा करून उरलेले धागे मूळ पेडांतच वळून घेतात. गाठ मारीत नाहीत, कारण गाठीपाशी दोरी कमकुवत होते. बाण जेथे बसतो तो मधला भाग दुसऱ्या धाग्याने घट्ट गुंडाळतात. बाणाची खाच त्यावर अलगद धरली जावी. ती सैल वा घट्ट नसावी.

दोरी धनुष्याहून सुमारे तीन ते चार इंच आखूड असते. धनुष्य चढविल्यावर मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजावे. ते उत्पादकाने दिलेल्या मापापेक्षा कमी भरल्यास दोरी हातावर आपटते; जास्त भरल्यास बाणाचा वेग घटतो. अंतर वाढवावयाचे असल्यास धनुष्य उतरवून एक फासा काढावा व मूळ पिळाच्या दिशेनेच दोन-चार पीळ द्यावेत. पीळ वाढला की दोरी आखूड होते. अंतर कमी करण्यासाठी पीळ सोडावेत. नवी दोरी प्रारंभी ताणली जाते. म्हणून पहिले काही दिवस हे माप रोज घ्यावे. प्रमाणाबाहेर पीळ दिल्यास दोरी लवचीक होऊन बाणाचा जोर ओसरतो.

सरावापूर्वी फासे आणि मधला भाग तपासावा. एकही धागा तुटलेला आढळल्यास दोरी बदलावी. बाण न लावता ताणलेली दोरी सोडू नये; सारा धक्का धनुष्यालाच बसून ते मोडू शकते. बांबूचे वा लाकडी धनुष्य सरावानंतर उतरवून ठेवावे.

प्रत्येक धनुष्यासाठी सारख्या मापाची दुसरी दोरी तयार असावी. शाळेसाठी क्रीडासाहित्य घेताना ग्रामपंचायतीने दोरीचा धागा व मेण यांचाही समावेश केला, आणि शिक्षकांनी गावातील जाणत्या दोर वळणाऱ्यांचे साहाय्य घेतले, तर हे काम शाळेतच होऊ शकेल. तुटल्या दोरीपायी मुलांचा सराव थांबणार नाही आणि जुन्या हस्तकौशल्यालाही नवे काम मिळेल.