काळ्या मातीतली परसबाग

सावनेरची जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून शाळेत परसबाग लावताना मी आधी मुलांकडून गादीवाफे करून घेतो. मग मुळं कुजत नाहीत. आमच्या विदर्भात शाळा जूनअखेर उघडते, तेव्हा चवळी, भेंडी, अंबाडी. दिवाळीनंतर मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. मेथी महिनाभरात निघते आणि थेट पोषण आहाराच्या गंजात जाते. स्वतः पेरलेली भाजी मुलं आवडीनं खातात. मला त्याचंच मोल जास्त वाटतं. हातानं काम करत शिकणं आमच्याकडे नवं नाही: १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी तशा शिक्षणाची नई तालीम मांडली आणि सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत शेती आजही शिक्षणाचा भाग आहे. परसबागेची खरी अडचण मात्र सुट्ट्यांची. पाण्याची पाळी मुलांच्या आईवडिलांनी वाटून घेतली तरच वाफे जगतात. ती वाटणी मी शाळा उघडताच ठरवून घेतो.