स्थानिक व्यवसायांतील स्त्री-पुरुष समानता : श्रमाकडून मालकीकडे

भारतातील कोणत्याही तालुक्याच्या गावी आठवडी बाजार भरतो, तेव्हा एक दृश्य सर्वत्र सारखेच दिसते. भाजीचे वाटे लावणारी, कोंबड्या विकणारी, दुकानाच्या मागील खोलीत मसाला कुटणारी किंवा घरी बसून कपडे शिवणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते. परंतु दुकानाचा परवाना, गाळ्याची भाडेपावती, बँकेचे खाते आणि जागेचा उतारा यांवर बहुतेक वेळा पुरुषाचे नाव असते. व्यवसाय दोघांच्या श्रमावर उभा असतो. मात्र त्याची पत, त्याचे उत्पन्न आणि त्यासंबंधीचे निर्णय एकाच्याच हाती राहतात. म्हणूनच स्थानिक व्यवसायांतील समानतेचा प्रश्न हा केवळ स्त्रियांना काम मिळण्याचा प्रश्न नाही. तो मुख्यतः मालकीचा आणि निर्णयाधिकाराचा प्रश्न आहे. गेल्या सहा-सात दशकांत देशाच्या निरनिराळ्या भागांत ज्या व्यक्तींनी आणि संस्थांनी या क्षेत्रात काम केले, त्यांच्या अनुभवातून हीच बाब स्पष्ट होते.

आकडेवारी काय सांगते?

आवधिक श्रमबल सर्वेक्षणानुसार 15 वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांचा श्रमबल सहभाग दर 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता. 2023-24 मध्ये तो 41.7 टक्क्यांवर पोहोचला. ही वाढ निश्चितच लक्षणीय आहे. तथापि तिचे स्वरूप तपासणे आवश्यक ठरते. याच सर्वेक्षणानुसार 2022-23 मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे 37 टक्के स्त्रिया 'घरगुती उद्योगातील मदतनीस' या वर्गात मोडत होत्या. याचा अर्थ असा की कुटुंबाच्या शेतात, दुकानात किंवा कारखानीत त्या काम करतात, परंतु त्यांना स्वतंत्र मोबदला मिळत नाही. त्यांची गणना श्रमबलात होते, व्यवसायाच्या मालकांत होत नाही.

मालकीची स्थिती सहाव्या आर्थिक गणनेत (2013-14) दिसून येते. देशातील सुमारे 5 कोटी 85 लाख आस्थापनांपैकी सुमारे 80 लाख 50 हजार, म्हणजे 13.76 टक्के आस्थापना स्त्रियांच्या मालकीच्या होत्या. त्यांत सुमारे 1 कोटी 35 लाख व्यक्तींना रोजगार मिळत होता. मात्र यांपैकी पाचांत चारांहून अधिक आस्थापनांत एकही पगारी कामगार नव्हता आणि बहुसंख्य आस्थापना स्वतःच्याच तुटपुंज्या भांडवलावर चालत होत्या. असंघटित बिगरशेती उद्योगांच्या वार्षिक सर्वेक्षणात एकल मालकीच्या आस्थापनांमधील स्त्रियांच्या मालकीचा वाटा 2022-23 मध्ये 22.9 टक्के, तर 2023-24 मध्ये 26.2 टक्के आढळला. आर्थिक गणना आणि हे सर्वेक्षण यांची व्याप्ती वेगवेगळी असल्याने त्यांच्या टक्केवारीची थेट तुलना करता येत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. परंतु स्त्रियांचे व्यवसाय संख्येने वाढत असले तरी ते आकाराने लहान राहतात, हा निष्कर्ष दोन्हींतून निघतो.

पहिली पायरी : ओळख

अहमदाबाद शहरात 1972 साली 'सेवा' अर्थात स्वयंरोजगार महिला संघ या संस्थेची स्थापना झाली. इलाबेन भट्ट या तेव्हा मजूर महाजन संघाच्या महिला विभागाचे काम पाहत होत्या. डोक्यावरून कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, जुने कपडे आणि भाजी विकणाऱ्या स्त्रियांना त्यांनी संघटित केले. कामगार संघटना म्हणून नोंदणी मागितली असता पहिलाच अडथळा उभा राहिला. या स्त्रियांना निश्चित मालक नाही. मग संघटना कोणाविरुद्ध लढणार, असा शासनाच्या कामगार विभागाचा आक्षेप होता. संघटना ही केवळ मालकाविरुद्ध नव्हे, तर कामगारांच्या एकीसाठी असते, अशी भूमिका मांडून अखेर नोंदणी मिळविण्यात आली.

या घटनेचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. नोंदणीमुळे 'फेरीवाली' किंवा 'घरी बसून काम करणारी' या स्त्रीला कामगार आणि व्यावसायिक म्हणून ओळख मिळाली. जुन्या अहमदाबादेतील माणेक चौकात पिढ्यान्पिढ्या भाजी विकणाऱ्या स्त्रियांच्या जागेच्या हक्काचा प्रश्न याच संघटनेने 1980 च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. पुढे 1989 साली सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरील विक्री हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(1)(छ) अन्वये, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून, मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. इलाबेन भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाचा 'श्रमशक्ती' हा अहवाल 1988 साली सादर झाला. असंघटित क्षेत्रातील स्त्रियांच्या कामाचा राष्ट्रीय पातळीवरील तो एक मूलभूत दस्तऐवज मानला जातो.

दुसरी पायरी : पत

ओळख मिळाली तरी भांडवल नसेल, तर व्यवसाय सावकाराच्या हाती राहतो. सकाळी उसने घेतलेले भांडवल सायंकाळी व्याजासह परत करायचे, या चक्रात विक्रेतीच्या हाती फारच थोडे उरते. या स्त्रियांना बँकांचे दरवाजे बंद होते, कारण त्यांच्याकडे ना तारण होते, ना सही. यावर 'सेवा'च्या सुमारे 4 हजार सभासद स्त्रियांनी प्रत्येकी 10 रुपये भागभांडवल जमवून 1974 साली स्वतःची सहकारी बँक उभी केली. लिहिता न येणाऱ्या खातेदारांसाठी पाटीवर खातेक्रमांक लिहून ती हातात धरलेले छायाचित्र हीच त्यांची ओळख ठरविण्यात आली. निरक्षरता हा व्यवहाराला अडथळा ठरू नये, यासाठी बँकेने आपली पद्धत बदलली. ग्राहकाने बदलावे, अशी अट घातली नाही.

मुंबईत 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. गिरणगावातील हजारो कामगार गावाकडे कुटुंब ठेवून एकटे राहत आणि खानावळवाल्या बायकांकडे जेवत. या खानावळी चाळीतील एकाच खोलीत चालत. वाण्याची उधारी आणि सावकाराचे कर्ज यांतून त्यांची सुटका होत नसे. 1969 च्या बँक राष्ट्रीयीकरणानंतर दुर्बल घटकांना कर्ज देण्याचे धोरण आले होते. मंडळाने स्त्रियांचे गट करून परस्परांच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. स्वयंपाक हे घरकाम न राहता नोंद असलेला व्यवसाय झाला.

ग्रामीण भागातील असेच उदाहरण सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील आहे. म्हसवड येथे रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका स्त्रीला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोज थोडी बचत करावी, तर तिचे खाते उघडायला कोणतीही बँक तयार नव्हती. चेतना गाला सिन्हा यांनी स्त्रियांची बँक काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेक निरक्षर असल्याने तो नाकारला गेला. पुन्हा अर्ज करताना या स्त्रिया स्वतः अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि कोणत्याही रकमेचे व्याज तोंडी काढून दाखविण्याची त्यांनी तयारी दर्शविली. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. या बँकेने घरोघरी जाऊन बचत गोळा करण्याची पद्धत अवलंबिली. व्यवसाय-शिक्षणाचे वर्ग आणि फिरती शाळाही पुढे सुरू झाली. केवळ कर्ज देऊन व्यवसाय वाढत नाही. हिशेब, दर आणि बाजारपेठ यांचे ज्ञानही द्यावे लागते, असा या प्रयोगाचा धडा आहे.

तिसरी पायरी : मालकीची रचना

मालकी कोणाची, या प्रश्नाचे वेगळे उत्तर श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेने दिले. 15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. 1966 साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने संस्थेला मान्यता दिली. संस्थेत काम करणारी प्रत्येक स्त्री ही 'बहीण' म्हणजे सहमालक असते. सभासदत्व केवळ स्त्रियांनाच मिळते. पुरुष पगारी कर्मचारी असू शकतात, सभासद नाही. सकाळी भिजविलेले पीठ घरी न्यायचे, लाटलेले पापड जमा करायचे आणि लाटणावळ घ्यायची, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे घर सांभाळून काम करता येते आणि नफ्यातही वाटा मिळतो. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली.

केरळमध्ये 1998 साली सुरू झालेल्या 'कुडुंबश्री' या राज्यव्यापी कार्यक्रमाने हीच कल्पना स्थानिक स्वराज्य संस्थांशी जोडली. शेजारगट, त्यावरील प्रभाग पातळीवरील संघ आणि पंचायत पातळीवरील संघ अशी तिची त्रिस्तरीय रचना आहे. उपाहारगृहे, शेती, शिवणकाम अशा अनेक व्यवसायांत स्त्रियांचे गट सामूहिक मालक आहेत. लिज्जतमध्ये पुढाकार स्त्रियांचा होता, कुडुंबश्रीमध्ये तो शासनाचा आहे. मात्र काम करणारीच मालक असावी, हे सूत्र दोन्हीकडे समान आहे.

कायदा आणि शासकीय धोरण

या प्रयत्नांमागोमाग कायद्यातही बदल झाले. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलीला सहदायाद म्हणून मुलाइतकाच हक्क दिला. तारण म्हणून मालमत्ता दाखविण्याच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014 नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात आणि त्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असणे बंधनकारक आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणात 2018 साली दुरुस्ती झाली. केंद्रीय खात्यांनी व उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी 25 टक्के खरेदी या उद्योगांकडून करावी आणि त्यात 3 टक्के खरेदी स्त्रियांच्या उद्योगांकडून व्हावी, अशी तरतूद त्यात आहे. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील कर्जदारांत स्त्रियांची संख्या मोठी आहे.

तथापि लहान व्यवसायाच्या उंबरठ्यावर कायद्याची पोच कमी होते. प्रसूती लाभाची तरतूद सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. पाळणाघराचे बंधन 50 किंवा अधिक कामगार असतील तेव्हाच येते. लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणच्या तक्रारी जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे जातात. परंतु अशी समिती असते, हेच अनेक दुकानांत काम करणाऱ्या मुलींना ठाऊक नसते. समान वेतनाचा 1976 चा कायदा वेतन संहिता, 2019 मध्ये समाविष्ट झाला आणि ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तीन-चार कामगारांच्या दुकानात तिची अंमलबजावणी कशी होईल, यावर तिचे यश अवलंबून राहील. 'सेवा'सारख्या संघटनांनी बालसंगोपन आणि विमा यांच्या स्वतंत्र व्यवस्था उभ्या केल्या, त्या हीच पोकळी भरून काढण्यासाठी.

नाममात्र मालकीचा धोका

स्त्रीच्या नावावर सवलती मिळू लागल्या की कागदोपत्री मालकीही वाढते. स्टँड अप इंडिया योजनेत (2016) एकल मालकी नसलेल्या उद्योगात किमान 51 टक्के भागभांडवल व नियंत्रण स्त्री अथवा अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाकडे असावे, अशी अट होती. यातील 'नियंत्रण' हा शब्द महत्त्वाचा आहे. ग्रामपंचायतीत स्त्री सरपंच आणि कारभार पतीकडे, हे चित्र जसे दिसले, तसे व्यवसायातही घडू शकते. कर्ज पत्नीच्या नावावर आणि रोकड पतीच्या हाती असेल, तर परतफेडीची जबाबदारी मात्र तिच्यावर येते. अशा वेळी समानतेच्या नावाखाली विषमतेत भरच पडते. म्हणून एखाद्या योजनेचे मूल्यमापन करताना स्त्रियांची खाती किती, याबरोबरच खाते कोण चालविते, भाव कोण ठरविते आणि नफा कशावर खर्च होतो, हेही पाहावे लागते.

समारोप

अहमदाबाद, मुंबई, म्हसवड आणि केरळ येथील अनुभवांची परिस्थिती भिन्न आहे, पण क्रम एकच दिसतो. आधी ओळख, मग पत, मग मालकी आणि तिच्या जोडीला निर्णयाधिकार. यांपैकी एखादी पायरी गाळली, तर पुढची पक्की होत नाही. श्रमबलातील स्त्रियांचा वाढता सहभाग ही सुरुवात आहे. त्यांतील बिनमोबदला मदतनीस स्त्रियांचे प्रमाण घटले आणि स्वतःच्या नावाने, स्वतःच्या निर्णयाने व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले, तरच ती वाढ खऱ्या अर्थाने विकास ठरेल. दुकानाच्या मागील खोलीत राबणारी स्त्री पुढच्या गल्ल्यावर येऊन बसते, तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाइतकाच तिच्या नागरिकत्वाचाही आशय विस्तारतो.