सीग्रुप : प्रोसेसच्या गटांचा हिशेब ठेवणारी व्यवस्था

सीग्रुप, म्हणजेच कंट्रोल ग्रुप, ही लिनक्स कर्नलमधली गटवार मोजणीची आणि मर्यादांची व्यवस्था आहे. संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या मागे एक किंवा अनेक प्रोसेस असतात. सीग्रुपमध्ये त्यांचे गट पाडले जातात. मग कोणत्या गटाला सीपीयूचा किती वेळ, किती मेमरी, डिस्कवर किती वाचन-लेखन आणि जास्तीत जास्त किती प्रोसेस, हे ठरवून देता येते.

युनिक्सच्या कुळात मर्यादा आधीही होत्या. 1983 च्या 4.2 बीएसडीत आलेली 'सेटआरलिमिट' ही सोय आजही वापरात आहे. पण तिच्या बहुतेक मर्यादा एकेका प्रोसेसपुरत्या असतात. एका प्रोसेसला 1 जीबीची मर्यादा घातली आणि तिने आणखी पन्नास प्रोसेस सुरू केल्या, तर प्रत्येकीला वेगळा 1 जीबी मिळतो. कोणीही नियम मोडत नाही, तरी यंत्र बसते. सीग्रुपमध्ये नवी प्रोसेस जन्मतःच मूळ प्रोसेसच्या गटात पडते. पुढे कितीही फाटे फुटले, तरी खर्च एकाच खात्यावर चढतो. या व्यवस्थेची खरी ताकद इथे आहे.

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात, ही रचना अनोळखी वाटू नये. सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याबाबतच्या 2005 च्या राज्य कायद्यात पाणी एकेका शेतकऱ्याला नव्हे, तर पाणी वापर संस्थेला मोजून द्यायचे आहे. लघुवितरिकेवरच्या संस्थांच्या वर वितरिका, कालवा आणि प्रकल्प अशा पातळ्या आहेत, आणि मिळालेले पाणी सभासदांत कसे वाटायचे हे संस्थेने पाहायचे. सीग्रुपचीही अशीच उतरंड असते. वरच्या गटाला 4 जीबी मिळाले असतील, तर उपगटांच्या नावावर कितीही आकडे लिहा, सगळ्यांचा मिळून वापर 4 जीबीच्या पुढे जात नाही. फरक एवढाच, की कालव्याच्या टेलला हक्काचे पाणी पोचेलच याची खात्री नसते. कर्नलमध्ये मोजणारा आणि तोटी बंद करणारा एकच असतो.

या कामाची सुरुवात 2006 मध्ये गूगलमधले अभियंते पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी केली. तेव्हा नाव होते 'प्रोसेस कंटेनर'. ते बदलून सीग्रुप झाले आणि जानेवारी 2008 मध्ये लिनक्स 2.6.24 बरोबर बाहेर पडले. त्यातल्या दोन मुख्य भागांवर भारतातल्या अभियंत्यांचा ठसा आहे : सीपीयूची गटवार वाटणी आयबीएमच्या श्रीवत्स वड्डागिरी यांच्या कामातून आली, आणि पुढच्याच आवृत्तीतला मेमरी नियंत्रक आयबीएमच्याच बलबीर सिंग यांच्या पुढाकाराने.

मर्यादा सगळ्या एका जातीच्या नसतात, आणि वापरणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते. सीपीयूचा वेळ आटवता येतो : कमी मिळाला तर काम रेंगाळते, मरत नाही. त्याची वाटणी दोन प्रकारे होते. 'वेट' हा भार 1 ते 10000 पर्यंत असतो आणि न सांगितल्यास 100 धरला जातो. 100 आणि 300 भाराचे दोन गट एकाच वेळी कामात असले, तर वाटणी एकास तीन होते, आणि एक निवांत असला तर दुसरा सगळा सीपीयू घेऊ शकतो. 'मॅक्स' मात्र पक्की हद्द आहे. दर 100 मिलिसेकंदांत 50 मिलिसेकंद असे ठरवले आणि गटाचे दहा धागे दहा कोअरवर एकदम धावले, तर कोटा 5 मिलिसेकंदांतच संपतो. उरलेले 95 मिलिसेकंद यंत्र मोकळे असले तरी गट थांबूनच राहतो. आपल्याच मालकीच्या यंत्रावर बहुतेकदा भार पुरतो. पक्की हद्द शोभते ती संगणक मोजून विकणाऱ्याला.

मेमरी अशी आटवता येत नाही. 'मेमरी मॅक्स' गाठली की कर्नल आधी गटाची बाजूला काढता येण्याजोगी पाने परत घेतो, आणि तेही पुरले नाही तर गटातली प्रोसेस मारतो. त्याच्या अलीकडे 'मेमरी हाय' ही मवाळ रेषा असते. ती ओलांडली की गटाचा वेग घटवला जातो, पण कोणाला मारले जात नाही.

सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक नियंत्रकाचे झाड, म्हणजे गटांची उतरंड, वेगळे असू शकत होते. एखादी प्रोसेस मेमरीच्या झाडावर एका फांदीवर, तर डिस्कच्या झाडावर दुसऱ्याच. डिस्कवर लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठतो आणि नंतर उतरतो, त्यामुळे तो खर्च कोणाच्या नावे टाकायचा हे धड ठरत नसे. तेजुन हिओ यांनी घडवलेल्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्या नियंत्रकांसाठी एकच झाड आहे. 2016 च्या लिनक्स 4.5 मध्ये ती अधिकृत ठरली.

लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा सिस्टमडी आणि प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारे डॉकर व कुबरनेटीस या सगळ्यांचा पाया सीग्रुपवर आहे. पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म' महासंगणकावर कामांची रांग लावणारा 'स्लर्म'ही सीग्रुपच्या आधारे एखादे काम त्याला दिलेल्या कोअरांपुरते आणि मेमरीपुरते बांधून ठेवू शकतो.

सर्वाधिक सीग्रुप मात्र खिशात फिरतात. अँड्रॉइड पडद्यावरच्या आणि मागे गेलेल्या ॲपचे वेगळे गट करते आणि मागच्यांना मोजकेच कोअर देते. अँड्रॉइड 11 पासून मागे जाऊन निष्क्रिय पडलेली ॲप गोठवण्याची सोयही आहे. गोठलेले ॲप सीपीयू खात नाही, पण मेमरीतली जागा अडवून ठेवते. ती जागा सोडवायला 'एलएमकेडी' हा वेगळा प्रोग्रॅम असतो. मेमरीसाठी प्रोसेस किती वेळ अडकून पडल्या हे तो कर्नलकडून घेतो आणि त्यावरून ॲप कधी बंद करायचे ते ठरवतो.